पासष्ट की पंचवीस?

दरवर्षी 30 सप्टेंबरला मी आठवीच्या वर्गात किल्लारीच्या भूकंपाबद्दल बोलतो. समोर बसलेल्या मुलांचा जन्म भूकंपानंतर कितीतरी वर्षांनी झालेला असतो. त्यांच्यासाठी किल्लारी म्हणजे भूगोलाच्या पुस्तकातली एक ओळ. म्हणून मी घरचं सांगतो. पहाटे 3 वाजून 56 मिनिटं, गणपती विसर्जनानंतरची रात्र, दमून झोपलेली गावं. आणि मग ठरलेल्या जागी ठरलेलं वाक्य येतं : "माझ्या आजोळचे अकरा जण त्या रात्री गेले." वर्ग एकदम शांत होतो. ती शांतता मला आवडायची, हे आज कबूल करायला हरकत नाही.

गेल्या वर्षी त्या शांततेत एका मुलीने हात वर केला. म्हणाली, "सर, त्या अकरा जणांची नावं सांगा ना. मला निबंधात लिहायची आहेत."

मी फळ्याकडे वळलो, खडू घेतला. चार नावं झाली आणि पुढे हात चालेना. "उद्या सांगतो," म्हणालो आणि धडा सुरू केला.

घरी आल्यावर अम्मीला विचारलं, किल्लारीच्या वेळी आपले किती लोक गेले? अम्मी बाजेवर तस्बीह घेऊन बसली होती. तिने तस्बीह न सोडता दुसऱ्या हाताची बोटं मोजली. तिचा चुलतभाऊ, म्हणजे माझे मामू. त्यांची बायको, आमची मुमानी. त्यांची दोन लेकरं. "चार," अम्मी म्हणाली. मी म्हटलं, आणि बाकीचे सात? "कौन सात? गल्लीवाले होंगे. वो बी अपनेच थे. मगर घर के चार." मग मी तिला वर्गातलं सगळं सांगितलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि आमच्या दखनीत एवढंच विचारलं, "बढाको बोले तो कबर बडी होती क्या रे?" वाढवून सांगितल्याने कबर मोठी होते का?

त्या रात्री मी अकराचा माग काढत बसलो. भूकंपाच्या पुढच्या वर्षी तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत मी भूकंपावर बोललो होतो. तिथे चारचे सात झाले, आणि मला दुसरं बक्षीस मिळालं. बी.एड.च्या सराव पाठात साताचे नऊ झाले. नवाचे अकरा कधी झाले, ते आठवत नाही. मुद्दाम खोटं बोलायचं असं एकदाही ठरवलं नव्हतं. समोरच्याला आपलं दुःख कळावं, एवढीच इच्छा होती. पण प्रत्येक वेळी मला आधीचा आकडा थोडा लहान वाटला होता.

मग मला एक इराणी सिनेमा आठवला. त्यातही भूकंप होता, मेलेल्या नातेवाईकांचा एक आकडा होता, आणि तो आकडा दुरुस्त करण्याची एक विलक्षण गोष्ट होती. सिनेमा अब्बास कियारोस्तामी यांचा. त्या आठवड्यात मी तो आणि त्याच्या पुढचा, असे दोन्ही पुन्हा पाहिले. हा लेख त्या दोन सिनेमांबद्दल आहे, आणि शोकात माणूस किती खरं बोलू शकतो याबद्दल आहे.

एक रस्ता, एक बाप, एक मुलगा

कियारोस्तामी यांनी 1987 साली एक साधा सिनेमा केला होता, 'खाना-ए-दोस्त कुजास्त', म्हणजे मित्राचं घर कुठे आहे. वर्गमित्राची वही चुकून आपल्या दप्तरात आली, आता उद्या गुरुजी त्याला शाळेतून काढतील, या काळजीने एक मुलगा शेजारच्या गावात त्याचं घर शोधत फिरतो, एवढीच गोष्ट. शिक्षकाने तर तो पाहायलाच हवा. उत्तर इराणमधल्या गीलान प्रांतातल्या कोकेर या गावात तो चित्रित झाला. त्यात काम करणारी मुलं, म्हातारे, बाया हे सगळे तिथलेच गावकरी होते. मुख्य भूमिका केलेली दोन मुलं सख्खे भाऊ, अहमदपूर आडनावाचे.

तीन वर्षांनी, 21 जून 1990 रोजी, मध्यरात्री साडेबाराच्या सुमारास त्याच भागात भूकंप झाला. मंजील, रुदबार, लोशान ही गावं उद्ध्वस्त झाली. तीव्रता 7.4 च्या आसपास होती. मृतांचे आकडे 35 हजारांपासून 50 हजारांपर्यंत वेगवेगळे सांगितले जातात. फुटबॉलच्या वर्ल्ड कपचे दिवस होते. विटामातीची घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. आपल्याकडे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत तीन वर्षांनी हेच झालं. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात थंडावा देणारं ते माळवदच माणसांची कबर झालं.

कियारोस्तामी आपल्या मुलाला गाडीत घेऊन कोकेरच्या दिशेने निघाले. आपल्या सिनेमातली ती पोरं जिवंत आहेत का, एवढं त्यांना पाहायचं होतं. त्या प्रवासावरून नंतर त्यांनी सिनेमा केला. 1992 साली तो आला. त्याचं फारसी नाव उर्दू जाणणाऱ्याला लगेच कळतं : 'जिंदगी व दीगर हीच'. जीवन, आणि बाकी काही नाही.

सिनेमात कियारोस्तामी स्वतः दिसत नाहीत. त्यांच्या जागी एक नट दिग्दर्शकाची भूमिका करतो. त्याच्या शेजारी गाडीत एक लहान मुलगा आहे, पूया, तोही नट. पण खिडकीबाहेरचे पडझड झालेले डोंगर, ढिगारे उपसणारे लोक, तंबू, पाणी वाहून नेणाऱ्या बाया हे त्याच मुलखातलं आहे. त्यांच्यातल्या अनेकांनी खरोखर आपली माणसं गमावली आहेत. त्यातही एक मेख आहे. चित्रीकरण भूकंपानंतर काही महिन्यांनी झालं. म्हणजे समोर दिसणारं दुःख खरं, पण त्याचा 'आजचा दिवस' रचलेला. माहितीपट म्हणावं तर नट आहेत, कथापट म्हणावं तर माणसं खरी आहेत.

आणि ही मिसळ लपवलेली नाही. पहिल्या सिनेमात काम केलेले एक म्हातारबाबा, रूही नावाचे, गाडीतल्यांना वाटेत भेटतात. ते तक्रार करतात की त्या सिनेमावाल्यांनी मला होतो त्याहून म्हातारा दाखवला, पाठीला कुबड लावलं. मग ते त्यांना आपल्या घरी नेतात आणि सांगून टाकतात की हे माझं घर नाहीच, सिनेमावाल्यांनी मला हे घर दिलंय. पाणी द्यायला वाडगा शोधतात, तो सापडत नाही. तेव्हा सिनेमाच्या कामातली एक बाई चक्क कॅमेऱ्यासमोर येऊन वाडगा देऊन जाते. पाहणाऱ्याला क्षणभर हसू येतं. पण दिग्दर्शक आपल्याशी व्यवहार चोख ठेवतो आहे : हे मी रचलेलं आहे, विसरू नका.

मेलेलं माणूस न दाखवणारा सिनेमा

भूकंपावरच्या या सिनेमात एकही मृतदेह समोर ठेवलेला नाही. छाती पिटणं नाही, कॅमेरा रडणाऱ्या चेहऱ्यावर जाऊन थांबत नाही. लोक काम करत असतात. विचारलं तर सांगतात : बहीण गेली, लेक गेली, घरातले सगळे गेले. सांगून पुन्हा कामाला लागतात.

एक माणूस तंबूंच्या वस्तीत टीव्हीचा अँटेना लावत असतो. दिग्दर्शक त्याला विचारतो, अशा दिवसांत टीव्ही पाहणं बरं दिसतं का? तो सांगतो की मीही शोकातच आहे, माझीही माणसं गेली आहेत. पण काय करणार, वर्ल्ड कप चार वर्षांतून एकदाच येतो. दुसरीकडे छोटा पूया लेक गमावलेल्या एका बाईशी बोलत असतो. तो म्हणतो, अल्लाहला मुलांना मारायला आवडत नाही. आणि दाखला देतो हजरत इब्राहिम यांचा, ज्यांच्या हातून मुलाची कुर्बानी होणार तेवढ्यात अल्लाहनेच ती थांबवली. बकरी ईदला आपण ही कथा दरवर्षी ऐकतो. पण लेक गेलेल्या आईसमोर एका लहान मुलाने ती अशी मांडलेली मी दुसरीकडे कुठे ऐकली नाही. बाई वाद घालत नाही, ऐकून घेते.

इराणमधल्या काही समीक्षकांना हे रुचलं नाही. एवढं मोठं संकट, आणि हा माणूस फुलांच्या कुंड्या, हिरवे डोंगर आणि फुटबॉल दाखवतो, असा त्यांचा राग होता. राग समजण्यासारखा आहे. पण शोकाबद्दल आपल्या दीनमध्ये काय सांगितलंय, हेही पाहावं. जवळचा माणूस गेला तर तीन दिवस शोक पाळावा. फक्त विधवेसाठी चार महिने दहा दिवसांची मुदत आहे. हदीसमध्ये उम्मुल मोमिनीन हजरत उम्मे हबीबा यांचा प्रसंग येतो. त्यांचे वडील अबू सुफियान वारले. तीन दिवसांनी त्यांनी सुगंध मागवला आणि लावला. म्हणाल्या की मला याची काही हौस नाही, पण प्रेषितांनी सांगितलेली मुदत मला पाळायची आहे. दुःख संपलं म्हणून त्यांनी सुगंध लावला नाही. दुःख आत राहू द्यायचं आणि बाहेरच्या जगण्याला वाट द्यायची, म्हणून लावला. अँटेना लावणाऱ्या त्या माणसाला हा प्रसंग ठाऊक असेल की नाही, काय माहीत. पण तो तेच करत होता.

आपल्याकडेही मय्यतच्या घरी तीन दिवस चूल पेटत नाही, शेजारीपाजारी डबे आणतात. यामागेही सुन्नत आहे. मुअताच्या लढाईत हजरत जाफर शहीद झाल्याची खबर मदिनेत आली, तेव्हा प्रेषितांनी सांगितलं होतं की जाफरच्या घरच्यांसाठी जेवण करा, ते दुःखात गुंतले आहेत. किल्लारीत मात्र डबा आणणारं शेजारचं घरही पडलेलं होतं. अम्मी सांगते, त्या दिवसांत बाहेरगावाहून आलेल्या ट्रकमधून जे मिळेल ते लोक खात होते. कोण कोणाच्या मय्यतला आला आणि कोण स्वतःच्या, हे कळत नव्हतं.

हुसेनचं लग्न आणि हुसेनचा आकडा

आता त्या आकड्याकडे येतो.

सिनेमात दिग्दर्शकाला हुसेन नावाचा एक तरुण भेटतो. फुलांच्या कुंड्या असलेल्या एका घराच्या वरच्या मजल्यावरून तो खाली येतो. नुकतंच लग्न झालेलं. भूकंपानंतर लगेचच, शोकाचे दिवस सरायच्या आत त्याने लग्न केलं आहे. किती नातेवाईक गेले, असं विचारल्यावर तो म्हणतो, साठ, पासष्ट. मोठ्यांनी शोक पाळायला सांगितला होता. पण इतकी माणसं गेल्यावर कोणाकोणाचा शोक धरणार, आणि पुढच्या भूकंपात आपणच गेलो तर, असा विचार करून दोघांनी निकाह लावून घेतला. पाहणारा हे ऐकून थक्क होतो. पासष्ट नातेवाईक आणि त्यावर लग्न. हा या सिनेमातला सगळ्यांत लक्षात राहणारा प्रसंग आहे.

दोन वर्षांनी, 1994 साली, कियारोस्तामी यांनी पुढचा सिनेमा केला : 'जेर-ए-दरख्तान-ए-जैतून', जैतुनाच्या झाडांखाली. त्याचा विषयच आहे तो एक प्रसंग कसा चित्रित झाला. सुरुवातीलाच एक माणूस कॅमेऱ्याकडे पाहून सांगतो की मी या सिनेमात दिग्दर्शकाचं काम करणारा नट आहे. मग कळतं की हुसेन हा सिनेमावाल्यांकडे वरकाम करणारा गरीब पोरगा. त्या भूमिकेसाठी आधी दुसराच तरुण आणला होता. पण मुलीशी बोलायची वेळ आली की त्याची जीभ अडखळायची, म्हणून हुसेनला उभं केलं. आणि त्याची 'बायको' झालेल्या ताहिराला त्याने खरोखर मागणी घातली होती. ती नाकारली गेली, कारण त्याला घर नाही आणि लिहिता-वाचता येत नाही. ताहिराचे आईवडील भूकंपात गेलेले. कॅमेरा सुरू झाला की हुसेन सलाम करतो आणि ताहिरा उत्तरच देत नाही. पुन्हा घ्या. पुन्हा सलाम, पुन्हा गप्प.

याच चित्रीकरणात तो आकडा येतो. हुसेनने म्हणायचं आहे, पासष्ट. तो म्हणतो, पंचवीस. दिग्दर्शक थांबवतो, पासष्ट म्हण. पुन्हा कॅमेरा, पुन्हा पंचवीस. हुसेनच्या लेखी त्याचे पंचवीसच गेले आहेत. चाळीस माणसं त्याने कुठून आणायची?

मी हे दृश्य पाहून सिनेमा थांबवला. माझ्याकडे अकरा होते आणि घरचे चार. सातांचं काय करायचं, हा प्रश्न माझा होता. पण ही गोष्ट दाखवण्याचं कियारोस्तामी यांना काय कारण होतं? 1992 चा सिनेमा जगभर पोचला होता, कान महोत्सवात गौरवला गेला होता. पासष्टचा आकडा लोकांनी खरा मानला होता. कुणीही विचारायला आलं नव्हतं. तरीही त्यांनी पुढच्या सिनेमात, स्वतःच्याच पेशाच्या माणसाला उभं करून, आकडा फुगवताना दाखवला आणि एका निरक्षर पोराला तो दुरुस्त करू दिला.

कोणी म्हणेल, तो पंचवीसही सिनेमातलाच, तोही लिहून दिलेला असू शकतो. खरं आहे. पण दोन आकडे शेजारी ठेवल्यामुळे एक गोष्ट पक्की कळते : शोकाची गोष्ट सांगणारा आणि ती भोगणारा यांच्यात फरक असतो, आणि सांगणाऱ्याचा कल वाढवण्याकडे असतो. हदीसच्या अभ्यासात रावीची, म्हणजे सांगणाऱ्याची, पारख आधी करतात आणि मग त्याची गोष्ट घेतात. कियारोस्तामी यांनी ती पारख स्वतःवर चालवली.

कासिमची मेहंदी

इराणमध्ये हा प्रश्न सिनेमाच्या कितीतरी आधीपासून विचारला गेला आहे. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला हेरातमध्ये हुसेन वाइज काशिफी यांनी 'रौजतुश्शुहदा' हे करबलावरचं पुस्तक लिहिलं. मजलिसींमध्ये ते इतकं वाचलं गेलं की त्याच्या नावावरूनच शोकवाचन करणाऱ्याला 'रौजाखाँ' म्हणू लागले. त्या पुस्तकाने करबलाचं दुःख घराघरांत नेलं. पण त्यातल्या कितीतरी कथांना जुना आधार नव्हता. त्यातलीच एक कथा कासिमच्या लग्नाची. करबलाच्या रणांगणात, आजूबाजूला प्रेतं पडत असताना, इमाम हुसेन यांनी आपल्या तरुण पुतण्याचा, कासिमचा, निकाह लावला अशी ती कथा. आपल्या दख्खनमध्ये मोहरमच्या सातव्या तारखेला कासिमची मेहंदी निघते, ती त्याच कथेची.

या गोष्टींवर परकीयांनी बोट ठेवायच्या आधी शिया उलेमांनीच ठेवलं. मिर्झा हुसेन नूरी यांनी 'लुलु व मर्जान' हे पुस्तक लिहून रौजाखाँनी खोटं सांगू नये असं ठणकावलं. पुढे 1969 मध्ये मुर्तजा मुतहरी यांनी आशुराच्या इतिहासात शिरलेल्या भेसळीवर व्याख्यानं दिली. कासिमच्या लग्नाच्या कथेवर त्यांनी स्पष्ट टीका केली. त्यांचं म्हणणं सोपं होतं : ज्या माणसाने सत्यासाठी जीव दिला, त्याच्यासाठी रडवायला खोट्याची गरज पडावी, हा त्याच्यावर दुसऱ्यांदा झालेला अन्याय आहे.

मी सुन्नी घरातला. आमच्या गावात मोहरमच्या सवारीसमोर हिंदू-मुसलमान सगळेच उभे राहायचे. लहानपणी मेहंदीच्या मिरवणुकीत मीही चाललो आहे, आणि त्या गर्दीतलं रडू खोटं नव्हतं. म्हणून हे लिहिताना मला कुणाला हिणवायचं नाही. रडू खरं असूनही कथा वाढवलेली असू शकते, एवढंच म्हणायचं आहे. माझ्या वर्गातली शांतताही खरी होती.

इराणमध्ये याच करबलाच्या शोकातून ताजिया हे लोकनाट्य उभं राहिलं. (आपल्याकडे ताजिया म्हणजे मिरवणुकीतला ताबूत, तिकडे ताजिया म्हणजे नाटक.) त्यात नट हातात आपल्या संवादांचा कागद धरून काम करतात. पाठ झालं नाही म्हणून कागद धरत नाहीत. मी इमाम हुसेन नाही, मी शिम्र नाही, मी फक्त त्यांचं बोलणं वाचून दाखवतो आहे, असं प्रेक्षकांना त्यातून सांगितलं जातं. शिम्रचं काम करणारा नट स्वतःही रडतो. नाटक बसवणारा माणूस रंगमंचावर उघडपणे फिरत सूचना देतो. तरीही लोक हमसून हमसून रडतात. कियारोस्तामी यांना ताजियाची ओढ होती; 2003 साली त्यांनी रोममध्ये ताजिया सादर केला आणि सोबत पडद्यावर तो पाहणाऱ्या इराणी गावकऱ्यांचे चेहरे दाखवले. रूहीबाबांना वाडगा द्यायला कॅमेऱ्यासमोर आलेली बाई मला या परंपरेतली वाटते. कागद हातात धरूनही रडवता येतं, हे इराणच्या खेड्यापाड्यांतल्या लोकांना फार आधीपासून माहीत होतं.

सूर्यग्रहणाचा दिवस

यात सगळ्यांत मोठा धडा मला एका घटनेत सापडतो, जी आपण मदरशात ऐकलेली असते आणि विसरलेलो असतो. इ.स. 632 मध्ये प्रेषित हजरत मुहम्मद यांचा लहानगा मुलगा इब्राहिम वारला. दुधावरचं लेकरू. प्रेषितांच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्याच दिवशी सूर्यग्रहण लागलं. मदिनेत लोक म्हणू लागले की इब्राहिमच्या मृत्यूमुळे सूर्य काळवंडला.

कल्पना करा. समोर लेक गमावलेला बाप आहे. त्याला न मागता आभाळाची साक्ष मिळते आहे. तो नुसता गप्प राहिला असता तरी ती कथा चौदाशे वर्षं चालली असती. पण प्रेषितांनी लोकांना जमवून सांगितलं की सूर्य आणि चंद्र कुणाच्याही मरणाने किंवा जन्माने ग्रासले जात नाहीत. त्या अल्लाहच्या निशाण्या आहेत. डोळ्यांतलं पाणी त्यांनी लपवलं नाही आणि त्या पाण्याला ग्रहणाचा आधारही घेऊ दिला नाही.

माझे चार मला अपुरे वाटले होते. प्रेषितांना एक पुरेसा होता.

पत्र्याच्या शेडमधलं लग्न

किल्लारीच्या भूकंपातले मृतांचे आकडेही वेगवेगळे सांगतात, आठ हजारांपासून दहा हजारांपर्यंत. 52 गावं नव्या जागी वसवावी लागली. सरकारी मोजणीत फरक राहणार. गावंच्या गावं एका रात्रीत गेली, सामुदायिक दहन झालं, सामुदायिक दफन झालं. कोण कुठलं हे ओळखायला माणसंच उरली नव्हती. पण घरातल्या मोजणीत फरक पडायचं कारण नसतं. घरात नावं असतात.

अम्मीने मला त्या दिवशी आणखी एक गोष्ट सांगितली, जी मी वर्गात कधीच सांगितली नव्हती. गेलेल्या मामूंचे धाकटे भाऊ वाचले होते, कारण त्या रात्री ते दुसऱ्या गावी होते. चार महिन्यांनी त्यांचा निकाह झाला. पत्र्याच्या शेडमध्ये, दहा-बारा माणसांत, बिर्याणी नाही, खजूर आणि चहा. नातेवाइकांत बोललं गेलं की भावाची माती ओली आहे आणि हा लग्न करतो. अम्मी त्या लग्नाला गेली होती. मी विचारलं, तुला काय वाटलं तेव्हा? म्हणाली, नवरी कुबूल म्हणाली तेव्हा सगळे रडले, आणि मग सगळ्यांनी चहा प्यायला.

मी हे वर्गात का सांगितलं नव्हतं? कारण माझ्या अकरा जणांच्या गोष्टीत लग्न बसत नव्हतं. अकरा गेल्यावर लग्न म्हणजे बेशरमी वाटली असती. चार गेल्यावर लग्न ही माणसाची गोष्ट आहे. आकडा वाढवताना मी मेलेल्यांबरोबर वाचलेल्यांनाही खोटं केलं होतं. त्यांना जगायची जागाच ठेवली नव्हती. कियारोस्तामी यांनी हुसेनला ती जागा दिली. आधी लग्न दाखवून, आणि मग आकडा दुरुस्त करून.

एक सांगायचं राहिलं. अहमदपूर भावांना शोधायला निघालेला बाप शेवटी एका उभ्या चढावर गाडी घालतो. गाडी मागे घसरते. खांद्यावर गॅसची टाकी घेऊन पायी चाललेला एक माणूस ढकलायला मदत करतो. गाडी वळून पुन्हा येते, चढ चढते आणि त्या माणसाला आत घेते. सिनेमा तिथे संपतो. मुलं सापडली की नाही, हे सांगत नाही. दोन वर्षांनी आलेल्या पुढच्या सिनेमात ते दोघे भाऊ फुलांच्या कुंड्या घेऊन येतात. जिवंत, थोडे मोठे झालेले. कुणी त्यांच्याभोवती गलका करत नाही.

ती मुलगी दुसऱ्या दिवशी वही घेऊन टेबलापाशी आली. मी तिला सांगितलं की काल मी चुकीचं सांगितलं, अकरा नव्हते, चार होते. तिने विचारलं, "मग सात जण वाचले का सर?" मला पटकन उत्तर सुचलं नाही. मग मी चार नावं फळ्यावर लिहिली. मामू, मुमानी, आणि दोन लेकरं, त्यातलं एक माझ्याच वयाचं. ती घरची नावं आहेत, इथे देत नाही. नावांखाली मी पत्र्याच्या शेडमधल्या निकाहची गोष्ट सांगितली. या वेळी वर्ग शांत नव्हता. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, चहाला साखर कुठून आणली?

येत्या 30 सप्टेंबरला मी चारच सांगणार आहे.